तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ आमच्याकडून आली का?

मी उंदरांमधल्या हाडाच्या कॅन्सरवर काम करते हे कळलं की पेशंटचे आईवडील मला बहुतेक हेच विचारतात, "जनुक गेल्यामुळे गाठ होते म्हणता, मग ती आमच्याकडूनच आली का?" उभ्याउभ्या दिलेलं उत्तर मला स्वतःलाच पटत नाही, म्हणून नीट लिहिते.

जनुकाचं नाव पी५३. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. १९९२ साली हे जनुक मुळातच नसलेले उंदीर तयार केले गेले. ते चांगले धडधाकट जन्मले, पण सहा महिन्यांच्या आत बहुतेकांना गाठी झाल्या. त्यातही हाडाच्या थोड्याच, लिम्फोमाच (लसिका पेशींचा कॅन्सर) जास्त. हाडात गाठ वाढायला लागणारा वेळच त्यांना मिळत नव्हता. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच गेलेले उंदीर जास्त जगले आणि त्यांच्यात हाडाच्या गाठी दिसल्या.

मग २००८ मध्ये पी५३ काढलं गेलं ते फक्त हाड घडवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींतून. बाकी शरीरात ते शाबूत. या उंदरांना ऑस्टिओसार्कोमाच, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशींचा कॅन्सर झाला. जोडीला आरबी हे पेशीच्या विभाजनाला आवर घालणारं जनुकही काढलं तर गाठ आणखी लवकर आली; एकटं आरबी काढून मात्र ती येत नव्हती.

असा उंदीर आधी मागचा पाय टेकवताना कचरतो. बोटांना मांडीच्या हाडावर कडक उंचवटा लागतो. एक्स-रेमध्ये हाडाची रेखीव कड पिंजल्यासारखी बाहेर पसरलेली असते. त्याला जास्त त्रास होण्याआधी आम्ही त्याचं आयुष्य वेदनेविना संपवतो. ते काम मला कधीच सोपं गेलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वेड्यावाकड्या पेशी दिसतात आणि त्यांच्या मधोमध गुलाबी पट्टे, म्हणजे कच्चं हाड. बेबंद झालेल्या त्या पेशी अजूनही हाडच घडवत असतात.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या उंदरांच्या हाडांतल्या असंख्य पेशींत पी५३ नसतं, तरी गाठ येते ती एखाद-दुसऱ्या ठिकाणी, तीही काही महिन्यांनी. म्हणजे जनुक गेलं की लगेच कॅन्सर, असं नाही. पहारा उठतो, मग डीएनएमधली मोडतोड साचत जाते आणि एखादीच पेशी सुटते.

आता तुमचा प्रश्न. काही घराण्यांत पी५३चा दोष जन्मतःच असतो, त्याला लि-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात. घरात कमी वयात झालेले कॅन्सर असतील तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. पण ऑस्टिओसार्कोमा झालेल्या बहुतेक मुलांमध्ये हा दोष आईवडिलांकडून आलेला नसतो. वाढत्या हाडातल्या एका पेशीत तो नंतर घडलेला असतो, तुम्ही काहीही केलं असतंत किंवा नसतंत तरी.