रविवारी उडवायचं आहे

रिमोटवर उडणारं माझं फोमचं विमान तयार होऊन कपाटावर बसलंय आणि भाच्याचं रोज एकच पालुपद: "मावशी, गच्चीवरून सोडून बघू ना!" इंदूरच्या सुदामानगरातून? डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर विमानतळाभोवतीचा भाग लाल आहे, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे लाल भागात परवानगीशिवाय ड्रोन किंवा असं विमान उडवता येत नाही. म्हणून नेमावर रोडच्या पुढे ओळखीतल्यांचं शेत ठरलंय. गहू निघालाय, बांधालगत गवताचा लांब पट्टा आहे. काळ्या मातीच्या ढेकळांपेक्षा फोमच्या पोटाला गवत बरं.

लोक आधी मोटर किती ताकदीची ते विचारतात. मी विचारते, तोल कुठे आहे? माझ्या ट्रेनरच्या, म्हणजे शिकाऊ विमानाच्या, पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी २० सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर, म्हणजे २५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान, वजनाचा मध्य यायला हवा. तिथे पेनाने दोन खुणा केल्या आणि बॅटरी आत ठेवून विमान दोन बोटांवर उचललं. नाक किंचित खाली झुकलं की मी खूश. नाक जड असेल तर विमान सुस्त चालतं, पण चालतं. शेपूट जड असेल तर ते नाक वर करतं, वेग गमावतं आणि मग रिमोटची स्टिक कितीही हलवा, ऐकत नाही. वेगळं वजन चिकटवायची गरज पडली नाही; बॅटरी वेल्क्रोवर बोटभर पुढे सरकवली, झालं. ती जागाही पेनाने आखून ठेवली आहे, कारण शेतात घाईत बॅटरी कुठेही खुपसली जाते.

बाकीची तपासणी जेवणाच्या टेबलावर, प्रॉपेलर म्हणजे मोटरवरचा पंखा काढून. (प्रॉपेलर लावून टेबलावर मोटर फिरवणाऱ्यांशी मी बोलत नाही.) विमानाच्या मागे उभं राहायचं. स्टिक उजवीकडे, तर उजवं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर आणि डावं खाली. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी हलती पट्टी, वर. हे उलटं असलं तर उड्डाण दोन सेकंदांचं. मग रिमोट बंद करून पाहिला: मोटर आपोआप थांबली पाहिजे. थांबली. आमचे हे ताट घेऊन उभेच होते, "आता जेवू का?"

बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएचची. पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट. ती शनिवारी रात्री, मी समोर बसलेली असतानाच चार्ज होईल.

सकाळी साडेसहाला निघायचं. उन्हं चढली की वारा सुटतो. रिमोटच्या अँटेनाला लोकरीचा धागा बांधलाय; तो आडवा फडफडायला लागला तर सरळ परत.

वाद फक्त एकच उरलाय: फेकायचं कोणी? भाचा कॉलनीच्या टीमचा बॉलर आहे आणि हात फिरवून दाखवतोय. मला तसं नकोय. वाऱ्याच्या तोंडावर, पंख सपाट, डोळ्यांच्या रेषेत सरळ ढकल, वर नाही. काल त्याच्याकडून उशी फेकून सराव करून घेतला. उशी अजून छताकडेच जातेय.