नळातील बुळबुळीत थर आणि नमुन्याचा अर्ज : माझा अनुभव
घरातील नळाच्या तोंडाची जाळी उघडली की आत बुळबुळीत, करडा थर बोटाला लागत असे आणि रात्रभर साचून राहिलेल्या पाण्याला मातकट वास येत असे, म्हणून मी हा थर प्रयोगशाळेत तपासून घेण्याचे ठरवले. शुल्क भरणे, बाटली मिळवणे हे सहज पार पडले; सारे अडले ते नमुन्याच्या अर्जावर.

अर्जात नमुन्याचा प्रकार म्हणून केवळ ‘पाणी’ होते आणि नळाच्या आतल्या भिंतीवरून घेतलेल्या स्वॅबसाठी रकानाच नव्हता. खिडकीवर दर वेळी एकच उत्तर मिळे की, कोलिफॉर्म (मैल्याच्या संसर्गाची खूण मानले जाणारे जिवाणू) आढळले नाहीत, पाणी पिण्यास योग्य आहे, मग आणखी काय तपासायचे? या उत्तराचा मला अजूनही संताप येतो. वितरणव्यवस्थेतील बहुतांश जिवाणू वाहत्या पाण्यात नसतातच. ते नळाच्या पृष्ठभागावर, स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात वसाहत करून राहतात, आणि पाण्यातील क्लोरीन त्या द्रव्याच्या वरच्या भागातच खर्ची पडत असल्यामुळे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असतानाही आतले जिवाणू तग धरतात. कोलिफॉर्म चाचणी मुख्यतः मैल्याचा संसर्ग हुडकण्यासाठी असते, तर या थरातील बहुतेक जिवाणू त्या गटातले नसतात. त्यांतील अनेक अत्यंत सावकाश वाढतात, त्यामुळे ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला दोन दिवस ठेवलेल्या, जिवाणू वाढवण्याच्या पोषणसमृद्ध माध्यमावर त्यांच्या वसाहती फारशा दिसत नाहीत. त्यांना आर-टू-ए या कमी पोषणाच्या माध्यमावर, २० ते २८ अंशांना, ५ ते ७ दिवस द्यावे लागतात.

अखेर हे सगळे मी स्वतंत्र पत्रात लिहून दिले. ते एका वरिष्ठ विश्लेषकांनी वाचले आणि स्वॅबसह दोन पाणीनमुने स्वीकारले : एक नळ उघडताक्षणी घेतलेला, म्हणजे घरातल्या नळांत साचलेल्या पाण्याचा; दुसरा पाणी बराच वेळ वाहू दिल्यानंतरचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पाण्याचा. पहिल्यात जिवाणूंची संख्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक निघाली, आणि दोष घरातल्याच नळांत आहे हे लेखी हाती आल्यावर मला फार हायसे वाटले. आपणही हे दोन्ही नमुने आग्रहाने द्यावेत.

पुढचे काम सरळ होते. वापरात नसलेला, पाणी साचून राहणारा नळाचा फाटा प्लंबरकडून काढून टाकला, आणि रबरी नळीही बदलली, कारण काही प्रकारच्या रबरातून झिरपणारी सेंद्रिय द्रव्ये जिवाणूंचे खाद्य बनतात. जाळ्या आधी घासाव्यात आणि मगच क्लोरीनच्या द्रावणात बुडवाव्यात. थर तसाच ठेवून नुसते क्लोरीन वाढवण्याचा फारसा उपयोग होत नाही.

बाटलीविषयी सांगायचे राहिले. तिच्या तळाशी असलेले सोडियम थायोसल्फेट नमुन्यातील क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी असते, म्हणून ती विसळू नये, आणि भरलेली बाटली थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावी.