पितळी टोप आणि तान्ह्याचं दूध

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की बिंबलं, म्हणजे आंबट बिलिंबी फळं, चोळून पितळी भांडी लख्ख करायची रीत गोव्यात अजून आहे. हौसेने पितळी टोप पुन्हा गॅसवर चढवणारेही भेटतात. चढवा. फक्त त्यात बाळाचं दूध तापवू नका.

कारण इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, लहान मुलांचा यकृताचा आजार. साधारण एक ते तीन वर्षांचं मूल किरकिरं होई, पोट फुगे, यकृत टणक होऊन हाताला लागे, आणि बहुतेक मुलं दगावत. एकाच घरात भावंडांना होई, म्हणून संशय रक्तातल्या, म्हणजे आनुवंशिक दोषावर. १९७०च्या दशकाच्या अखेरीस यकृताच्या तुकड्यांना ऑर्सिन रंग दिला, तेव्हा पेशींत तांबं धरून बसलेल्या प्रथिनाचे गडद कण खच्चून भरलेले दिसले. निरोगी यकृतात, सुक्या वजनाच्या ग्रॅममागे, तांबं ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. इथे ते शेकड्यांत, कधी हजारांत होतं.

आलं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित, शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी घरचं दूध कशात तापतं, कशात ठेवतात, हे विचारायला घेतलं. १९८३ साली त्यांनी मांडलं: अंगावरचं दूध लवकर तुटलेलं, वरचं दूध बिनकल्हईच्या पितळी भांड्यातलं. आंबट आमटी पितळेत कळकते हे आजीलाही ठाऊक; दूध आंबट नाही म्हणून चालतं, हा समज घातकी. दुधातलं केसिन हे प्रथिन पितळेतलं तांबं पकडून ठेवतं, आणि तान्ह्याच्या यकृताला ते पित्तावाटे पुरेसं बाहेर टाकता येत नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्येही तांब्याच्या भांड्यातल्या दुधाने १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं गेली. तिथे आनुवंशिक दोषही जोडीला होता. म्हणजे जुना संशय अगदीच वाया नव्हता. आपल्याकडे स्टील आलं आणि आजार जवळपास नाहीसा झाला.

मोठ्यांच्या स्वयंपाकाला पितळ वापरायचं तर कल्हई हवीच. भांडं घासून तापवायचं, नवसागराची पूड टाकून मळ उडवायचा, कथलाची कांडी टेकवायची, वितळलं की कापसाच्या बोळ्याने झटपट सगळीकडे फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामा टोप गॅसवर विसरलात तर थर ओघळतो. तारेच्या घासणीने तो खरवडतो. बिंबलं बाहेरूनच लावा. तळाशी किंवा कडेला पिवळा डाग दिसला की टोप कल्हईवाल्याकडे, आणि दूध मात्र कल्हई असली तरी स्टीलमध्येच.