विन्यालेस: तंबाखूच्या खोऱ्यात तीन दिवस

हवानाच्या पश्चिमेला सुमारे 180 किलोमीटरवर, क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतात विन्यालेसचे खोरे आहे. फेब्रुवारीत, तंबाखूची खुडणी ऐन भरात असताना, मी तिथे तीन दिवस राहिले. लोस हास्मिनेस या हॉटेलच्या सज्ज्यावरून पहिल्यांदा खाली पाहिले, तेव्हा तांबड्या मातीच्या सपाट शेतांतून एकाएकी उभे राहिलेले, माथ्यापर्यंत झाडीने झाकलेले चुनखडीचे डोंगर दिसले. त्यांना तिथे ‘मोगोते’ म्हणतात. 1999 मध्ये युनेस्कोने हे खोरे जागतिक वारसा ठरवले, ते नुसत्या डोंगरांसाठी नव्हे, तर बैलांच्या नांगरावर चालणाऱ्या इथल्या शेतीसाठी आणि गावांसाठीही. म्हणूनच हे खोरे गाडीतून न पाहता पायी किंवा घोड्यावरून पाहावे.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाने वाळवण्याच्या एका घरात. लाकडी भिंती आणि झावळ्यांनी शाकारलेले उतरते, उंच छप्पर; आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत केवळ वास जाणवतो, ओल्या गवताचा आणि मधाचा मिळून झाल्यासारखा. सुईदोऱ्याने जोडी-जोडीने ओवलेली पाने आडव्या काठ्यांवर टांगलेली होती. खालच्या काठ्यांवर हिरवी, मधल्यांवर पिवळी आणि आढ्याजवळ तपकिरी, कारण पाने सुकत जातील तसतशा काठ्या वर चढवतात. शेतकऱ्याने एक तपकिरी पान मुठीत चुरगाळले आणि मूठ उघडली, तर पान न तुटता हळूहळू उलगडले. हवा दमट असताना पान असे मऊ राहते, कोरड्या हवेत हात लावताच त्याचा चुरा होतो. त्यामुळे हवा पाहून दारे उघडण्याचे किंवा लावण्याचे काम दिवसभर चालते. तासभर पाहूनही माझे समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी क्वेवा देल इंदिओ पाहिली. गुहेत थोडे चालून गेल्यावर भूमिगत नदीतून होडीने बाहेर पडता येते, पण गर्दीमुळे ही फेरी फार लवकर आटोपते. त्यापेक्षा सान्तो तोमासची गुहा मनात राहिली. तिचे जाळे 46 किलोमीटरहून लांब असून ते क्यूबातले सर्वांत मोठे मानले जाते. त्यातला जेमतेम एक किलोमीटरचा भाग, शिरस्त्राण आणि डोक्यावरचा दिवा लावून, वाटाड्याबरोबर पाहता येतो. एका मोगोतेच्या कड्यावर चित्रकार लेओविगिल्दो गोन्सालेस यांनी 1961 पासून रंगवलेले, प्रागैतिहासिक काळ दाखवणारे भित्तिचित्र आहे. कड्याचा मूळ दगडच मला अधिक देखणा वाटला असता.

सप्टेंबर 2022 मध्ये इयान चक्रीवादळाने या प्रांतातली वाळवणीची हजारो घरे पाडली. ती पुन्हा उभारली जात आहेत. परतीच्या वाटेवर एका नव्या घराच्या पिवळ्याधमक फळ्यांवर दोघेजण झावळ्या चढवत होते, आणि शेजारच्या शेतातून खुडलेल्या पानांची पहिली खेप बैलगाडीत भरली जात होती.