सातारा ते कोलंबिया: जैवविविधता परिषदेला गेले होते, पुढं जाणाऱ्यांसाठी लिहितेय

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कोलंबियातल्या काली शहरात कॉप-१६ झाली, म्हणजे जैवविविधता कराराची सोळावी जागतिक परिषद, आणि मी तिथं युवा गटाबरोबर निरीक्षक म्हणून गेले होते. आल्यापासून साताऱ्यातली, कराडची, तिकडं विटा-सांगलीची पोरंपोरी विचारतायत की तिथं नक्की करायचं काय असतं, आपल्यासारख्यांना आत घेतात का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आत घेतात. पण एकट्यानं जाऊन नाव नोंदवता येत नाही, मान्यता असलेल्या संस्थेनं लेटरहेडवर तुमचं नाव पाठवावं लागतं. तरुणांसाठी ग्लोबल यूथ बायोडायव्हर्सिटी नेटवर्क आहे, सगळे जीवायबीएन म्हणतात, २०१० पासून काम चालू आहे, भारतातही शाखा आहे. त्यांच्या ऑनलाइन मीटिंगांना आधीपासून बसायला लागा, ऐन वेळी अर्ज टाकून काही होत नाही. प्रवासखर्च सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळं पैशाचं आधी बघा, तिकीट हाच मोठा आकडा असतो.

आता लस. कोलंबियाहून परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट नसेल तर आपल्याच विमानतळावरून थेट क्वारंटाइनला पाठवतात. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आपल्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. या कराराच्या काही बैठका केनियात नैरोबीला होतात, तिथून परत येतानाही हीच अट आहे. बाकी कोलंबियात चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो, इंग्रजी फार कमी लोकांना येतं म्हणून स्पॅनिशचं ट्रान्सलेशन ऑफलाइन डाउनलोड करून न्या, आणि शाकाहारी असाल तर भात, राजमा आणि कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस यावर छान निभावतं. आमच्या घरून शेंगदाण्याची चटणी आणि कंदी पेढे दिले होते, पेढे युवा गटात एका सकाळीच संपले.

परिषदेचे दोन भाग असतात. शहरात नदीकाठच्या बुलेवारवर, म्हणजे रुंद रस्त्यावर, ग्रीन झोन होता, सगळ्यांना खुला, गाणी, स्टॉल, आदिवासी गट, शाळेची पोरं, नुसती जत्रा. तिथं एक संध्याकाळ नक्की द्या, लोकांनी परिषद आपली मानली की शहर कसं दिसतं ते कळतं. खरी घासाघीस मात्र ब्लू झोनमध्ये, तो शहराबाहेर युम्बोच्या बाजूला होता, बसनं जायचं, बॅज असेल तरच आत.

आणि इथंच मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. मोठ्या हॉलमध्ये तरुणांना बोलायला मिळतं पण सगळे देश बोलून झाल्यावर, वेळ उरला तर, दोन-तीन मिनिटं. त्याचा व्हिडिओ घरी पाठवायला भारी वाटतो पण निर्णयाचा मसुदा त्यानं हलत नाही. मसुदा हलतो छोट्या खोल्यांत, कॉन्टॅक्ट ग्रुपमध्ये, म्हणजे एकेका विषयावर वाटाघाटी करणाऱ्या गटात, रात्री. समोर स्क्रीनवर मजकूर असतो, ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात, आणि तासभर एकाच ओळीवर चाललेलं असतं. निरीक्षकानं सुचवलेलं वाक्य एखाद्या देशानं उचलून धरलं तरच टिकतं, नाहीतर ऐकून सोडून देतात. त्यामुळं आमच्यातली एक मुलगी काय करायची, वाक्य आधीच कागदावर टाइप करून ठेवायची, परिच्छेदाचा नंबर घालून, आणि चहाच्या वेळेत दोन-तीन देशांच्या प्रतिनिधींच्या हातात द्यायची. एका रात्री एका छोट्या देशाच्या ताईंनी तो कागद तसाच्या तसा माइकवर वाचला. मी मागच्या रांगेत बसून बघत होते, स्क्रीनवर आमची ओळ उमटली, लगेच कंसात गेली, पण उमटली! अंगावर काटा आला.

म्हणून सगळे विषय थोडे थोडे वाचू नका, एकच अजेंडा आयटम घ्या आणि तो पाठ करा. मी जनुकीय माहितीचा घेतला होता, त्याला तिथं डीएसआय म्हणतात, डिजिटल सिक्वेन्स इन्फर्मेशन. आपल्या कासच्या पठारावर वायतुरा उगवतो, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. उद्या त्याचा जनुकीय क्रम कुठल्या डेटाबेसमध्ये गेला तर जगातली कुठलीही कंपनी तो डाउनलोड करून वापरू शकते, रोपाला हात लावायची गरज नाही, आणि कासच्या आजूबाजूच्या गावांना पत्ताही लागणार नाही. कालीमध्ये यावर निधी ठरला, कालीच्याच नावानं. अशी माहिती वापरणाऱ्या औषध, सौंदर्यप्रसाधनं, बियाणं अशा क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या १ टक्का किंवा उलाढालीच्या ०.१ टक्का द्यावेत, आणि निम्मा तरी पैसा आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी, त्यांच्यातल्या बाया आणि तरुण धरून. सक्ती नाहीये, ही मोठी त्रुटी आहे आणि मला ती अजून खटकते.

गावाकडचा अनुभव तिथं खूप कामाला येतो. आपल्याकडं २००२ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. जायच्या आधी तुमच्या गावची नोंदवही मागून बघा, कोणी भरली, म्हाताऱ्या माणसांना विचारलं होतं का, ते टिपून घ्या. मी हे सांगितल्यावर इतर देशांची मुलं वह्या काढून बसायची, कारण असा कायदेशीर रचनेचा दाखला त्यांच्याकडं नव्हता.

परतीचं तिकीट शेवटच्या संध्याकाळचं काढू नका. १ नोव्हेंबरला संपायची बैठक २ तारखेच्या सकाळपर्यंत चालली, पहाटे आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी कायमस्वरूपी सहायक मंडळ मंजूर झालं, लोक रडत होते, मिठ्या मारत होते, आणि पुढं पैशाच्या विषयापर्यंत येईतो इतके प्रतिनिधी विमानं पकडायला गेले होते की कोरमच, म्हणजे निर्णयाला लागणारी किमान हजेरीच, उरली नाही, बैठक थांबली. राहिलेलं २०२५ च्या फेब्रुवारीत रोमला पूर्ण करावं लागलं. छोट्या देशांना तिकिटं बदलणं परवडत नाही आणि निर्णयाच्या वेळी खोलीत कोण उरतं ते त्यावर ठरतं, हे मला फार लागलं.

पुढची परिषद २०२६ च्या ऑक्टोबरमध्ये आर्मेनियात येरेवानला आहे. तिथं यलो फीव्हरची भानगड नाही, गरम कपडे मात्र न्या. कागदपत्रं वेबसाइटवर येतील तशी आम्ही साताऱ्यात एकत्र बसून वाचणार आहोत, सांगलीकडच्यांनी ऑनलाइन या. शिराळा-चांदोली भागातलं कोणी असेल तर आवर्जून कळवा, कारण २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित करायच्या, कराराच्या जागतिक आराखड्यातल्या टार्गेट ३ वर बोलायचं तर अभयारण्यातून उठवलेल्या गावांमधलं कोणीतरी आमच्यात पाहिजे, आणि अजून कोणी नाहीये.