आमची वाटचाल : सुतापासून स्लायडरपर्यंत

पुण्यात एका मॉड्युलर किचनच्या कारखान्यात मी ड्रॉइंग करायचो. स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ६०० मिमी रुंदीचं कॅबिनेट काढायचं, गिऱ्हाइकाने ४५० करा म्हटलं की एकेक फळी पुन्हा ओढायची. अशा सातव्या बदलाला माणूस एक तर नोकरी सोडतो, नाही तर स्क्रिप्ट लिहायला शिकतो. मी आधी दुसरं केलं, मग पहिलं.

स्केचअपमध्ये रुबी भाषेतली स्क्रिप्ट चालते. आमचं पहिलं प्लगइन, म्हणजे स्केचअपला जोडायचा छोटा प्रोग्राम, हा तयार मिळणारा इनपुटबॉक्स होता: रुंदी, उंची, खोली, प्लायची जाडी, ओके. पहिल्याच डेमोत जाडी १८ टाकली आणि पडद्यावर दीड फूट जाडीची फळी उभी राहिली. स्केचअप आतमध्ये प्रत्येक लांबी इंचातच ठेवतं, आणि मी आकड्यापुढे मिलिमीटर लिहायचा विसरलो होतो. "एका कपाटात आख्खं झाड जाणार," डेमो बघणारे कारखान्याचे मालक म्हणाले. ती ऑर्डर अर्थातच मिळाली नाही.

इनपुटबॉक्सची खरी अडचण वेगळीच. तो उघडा असेपर्यंत मॉडेलला हात लावता येत नाही आणि ओके दाबेपर्यंत काय होणार ते दिसत नाही. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला तर कपाट डोळ्यांसमोर रुंद होताना बघायचं असतं. म्हणून स्वतःचा स्लायडर, म्हणजे माप बदलणारी सरकती पट्टी, करायला घेतला. स्केचअपच्या खिडकीत वेबपेज उघडायचं, पट्टी सरकली की आकडा रुबीकडे पाठवायचा, रुबीने कपाट पुन्हा बांधायचं. ऐकायला सोपं आहे. तेव्हाची वेबडायलॉग खिडकी विंडोजवर मशीनमधल्याच ब्राउझरच्या इंजिनावर चालायची. एकाकडे पट्टी झकास सरकायची, दुसऱ्याकडे पट्टीच्या जागी नुसता रिकामा चौकोन. स्केचअपच्या २०१७च्या आवृत्तीत एचटीएमएल डायलॉग ही नवी खिडकी आली, ती स्केचअपसोबतच येणाऱ्या क्रोमियम या ब्राउझर-इंजिनावर चालते, तेव्हा आम्ही जुनं सगळं फेकून नव्याने लिहिलं. त्या महिन्यात पगार उशिरा झाले.

नव्या स्लायडरनेही एक दणका दिलाच. पट्टी हलत असताना ब्राउझर सतत आकडे पाठवतो, आणि आम्ही प्रत्येक आकड्याला एक स्वतंत्र बदल नोंदवत होतो. एका डिझायनर बाईंनी फोन केला, "अहो, मी एकदाच ओढलं, आणि कंट्रोल-झेड किती वेळा दाबू?" मग कळलं की ऑपरेशन (नोंदवायचा बदल) सुरू करताना ते 'पारदर्शक' करता येतं, म्हणजे ते आधीच्याच ऑपरेशनमध्ये मिसळतं. एक ओढ, एक अनडू. दुरुस्ती एका ओळीची होती, ती सापडायला आठवडा गेला.

पण धंदा उभा राहिला तो स्लायडरवर नाही. एका कारखान्यात डेमो चालू होता. मागे उभे असलेले म्हातारे मिस्त्री टेप गुंडाळत म्हणाले, "तेवीस इंच तीन सूत." डिझायनरने कॅल्क्युलेटर काढला, ५९३.७२५ आलं, त्याने ५९४ टाकलं. साइटवरचं माप सुतात, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, आणि मधे कुणीतरी रोज असं थोडं थोडं ढकलतंय. त्या रात्री आम्ही एक खास रकाना लिहिला: २३-३ टाका, २३ इंच ३ सूत समजेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि स्केचअप आतून इंचातच बोलतं. त्यामुळे मिस्त्रींचं माप २३.३७५ म्हणून जसंच्या तसं आत बसतं. रूपांतर लागतं ते मिलिमीटरला!

त्यात एक गंमत राहिलीच होती. कुणी मराठी कीबोर्डवरून '२३' टाइप केलं की रुबी त्याचा आकडा शून्य करायची. कपाट गायब. आता देवनागरी आकडे आधी बदलून मगच पुढे जातात. मापं त्या कपाटालाच चिकटवून फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे वर्षानंतर कपाटावर क्लिक केलं तरी रकान्यात २३-३च दिसतं, ५९३.७ नाही.

आज आम्ही तिघं आहोत. नवीन गिऱ्हाईक स्लायडरकडे बघतसुद्धा नाही, थेट विचारतं, "सूत चालतं ना?" गेल्या आठवड्यात त्याच मिस्त्रींचा निरोप आला, की रकान्यात 'तीन सूत, जरा कमी' लिहिता आलं पाहिजे. जरा म्हणजे किती, ते विचारायला उद्या कारखान्यात जातोय.