आमची वाटचाल : पत्रिका आमच्या, अक्षरं तिची

आमचं काम लग्नपत्रिकांचं, पुण्यात. सुरुवात मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण अशा दोघींनी केली, ती सुलेखन करायची, मी मजकूर, मंगलाष्टकं, प्रेस, गिऱ्हाईकं सगळं बघायचे, नफा निम्मानिम्मा आणि कागदावर काहीच नाही. तोंडी पार्टनरशिप कायद्यात बसते त्यामुळे कधी अडलं नाही. मग तिला स्वतःचा स्टुडिओ काढायचा होता, भांडण अजिबात नाही, पण हार्डडिस्क समोर घेऊन बसलो तेव्हा यातलं कुणाचं काय हा प्रश्न आलाच.

घरचे म्हणाले फर्मच्या पैशातून झालं म्हणजे फर्मचं. मशीन, कागद यांचं ते बरोबर आहे हो, पण अक्षरं तिच्या हातची आणि ती काही माझ्याकडे नोकरीला नव्हती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचलं, ज्याने काम केलं तोच पहिला मालक, पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. पार्टनर पगारी नसतो. आणि हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीनिशीच, "वापर गं तू" एवढ्याने मालकी येत नाही. मंगलाष्टकं मात्र माझी, ती तिच्या अक्षरात छापली तरी. गंमत म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे देऊन काढून घेतलेली नवरानवरीची पोर्ट्रेट आमच्या दोघींचीही नाहीत, वेगळा करार नसेल तर ती त्या गिऱ्हाईकाची!

मला हे मनापासून पटलं, कारण लोक आमच्याकडे यायचे ते तिच्या वेलांट्या बघूनच. मग तिची डिझाइन्स वापरण्याचा करार वकिलांकडून करून घेतला. त्यात वापराची मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिलाय, मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत, आणि आमच्या बऱ्याच ऑर्डरी अमेरिकेतल्या मराठी घरांच्या असतात म्हणून हे फार महत्त्वाचं होतं. जुनी डिझाइन्स मी वापरते, प्रत्येक ऑर्डरमागे तिचा वाटा तिला जातो आणि पत्रिकेच्या मागे तिचं नाव असतंच, हक्क विकले तरी नावावरचा हक्क कलम 57 प्रमाणे कलाकाराकडेच राहतो. नवीन सुलेखनकार आता आमच्याकडे ऑर्डरप्रमाणे काम करतात, हक्क कुणाचे हे ठरवणारं त्यांचं पत्र पहिल्या स्केचच्या आधी सही होतं.